दोन सारखे ट्युबा

सुदामभाऊसोबत जुना बाजा पाहाले मी आता कधी जाणार नाई. आमच्या हिंगणघाटच्या बँडमध्ये तो ट्युबा, म्हणजे तो मोठा पितळी भोंगा, वाजवते. त्याचा फुटला, म्हणून नाचणगावले एका बंद पडलेल्या बँडवाल्याच्या घरी गेलतो. बँडवाला वारला होता. त्याच्या बायकोनं दोन ट्युबा अंगणात आणून ठेवले. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. पण एकाले जागोजागी पोचे, अन् दुसरा नवाकोरा.

मी विचारलं, "काकू, हा इतका चकाचक काऊन?"

"तो वाजवलाच नाई. यांच्या छातीत दम राह्यला नाई, तेव्हापासून हे तोच धरत. चुकून सूर निघू नये म्हणून आत चिंध्या कोंबल्या हायेत. वरातीत पार्टीले बँडची लाइन भरलेली लागते ना. हे नुसते गाल फुगवून चालत."

सुदामभाऊनं पोचेवाला तोंडाले लावला. एक सूर निघाला, अन् मग खोकलाच. तो थांबेपर्यंत काकू त्याच्याकडे पाहत राह्यली.

त्यानं तो खाली ठेवला अन् चकाचक उचलला. "हाच घेऊ."

मी चिंध्या काढाले आत हात घातला.

"राहू दे," सुदामभाऊ म्हणाला. "काढू नको."