सील न फोडलेले दोनशे चौदा डबे

...आणि मला बघून गप्प बसली. आता तुम्हीच सांगा, मला बघून गप्प बसायचं काय कारण? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, खाली माझं दुरुस्तीचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर घर, मिक्सर आला, पंखा आला, उघडायचा, बघायचा, जोडायचा, परत द्यायचा, इतकं साधं आयुष्य. गुरुवारी शर्ट आणायला गेलो, तर इस्त्रीवाली फुलवालीला सांगत होती, "तिसऱ्या मजल्यावरची नर्सबाई नवऱ्याला रविवारच्या आत सामानासकट बाहेर काढतेय, आणि तो जाऊन राहणार कुठं माहितीये का..." एवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली आणि बाई कॉलरवर अशी वाकली, जणू जन्मात पहिल्यांदा कॉलर बघतेय. म्हटलं, "कुठं राहणार?" म्हणते, "कोण?" म्हटलं, "जो राहणार तो." म्हणते, "चार शर्ट झाले तुमचे, मोजून घ्या."

अर्धी बातमी म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगतो, दातात अडकलेला धागा. जीभ हलत नाही तिथून. घरी आलो, आमच्या हिला विचारलं, तर ही म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" आता हे काय उत्तर झालं? मला काहीच करायचं नसतं, मला फक्त माहीत हवं असतं.

तर हे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात, म्हणून आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो. माणूस सज्जन, जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून वाट देणारा. वहिनी दवाखान्यात नर्स. माणसं अशी की मीठ मागायला गेलात तर बरणीच हातात देतील. पण खोड एक. सुट्या भागांची विमानं विकत घ्यायची. विमानं, जहाजं, रणगाडे, खऱ्याच्या हुबेहूब छोट्या प्रती, डब्यात तुकडे तुकडे येतात, आपण चिकटवायचे, रंगवायचे, मांडून ठेवायचे. छंद म्हणून वाईट नाही, माझं काही म्हणणं नाही. दर महिन्याला एक डबा येतो, पोस्टमन जिन्यात धापा टाकतो, चष्मेवाले लहान बाळ घ्यावं तसा तो दोन्ही हातांनी घेतात, आत जातात, दार लावतात. आणि जोडलं एक तरी? नाव सोडा.

ते चाललं असतं हो असंच. पण वहिनींची आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि रविवारी म्हातारीला घरी सोडणार. तिला दुसरं कुणी नाही. पलंग हवा, चालायला आधाराची चौकट हवी, ती फिरेल एवढी जागा हवी. यांच्याकडे दीड खोली, आणि ती अर्धी, तीच रिकामी असायला हवी होती, ती विमानांनी भरलेली. माणूस मावत नाही तिथं. माणसाची सावलीसुद्धा आत शिरताना आडवी होते.

मी वर गेलो. काहीतरी निमित्त हवं म्हणून म्हटलं, "वहिनी, तुमचा पंखा आवाज करतो का?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, काय विचारायचंय ते विचारा. पंख्याला कशाला मध्ये घेता?"

म्हटलं, "ती खोली बघू का?"

दार ढकललं. पुरतं उघडलंच नाही. पोट आत घेतलं आणि शिरलो, आणि तुम्हाला सांगतो, शिसारी आली. जमिनीपासून छतापर्यंत डबे. प्रत्येक डब्यावर चित्र काय, विमान ढगांतून झेपावतंय, खाली समुद्र पेटलाय, आणि डबा हलवला की आत खुळखुळ. जुन्या डब्यांच्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यात झुरळांची अंडी, त्या बंद हवेत प्लॅस्टिकचा असा वास की जिभेवर बसावा. एका फळीवर रंगाच्या बाटल्या. अकरा बाटल्या, अकराही राखाडी. म्हटलं, हे काय, तर चष्मेवाले मागून म्हणाले, "हा समुद्रावरचा राखाडी, हा किनाऱ्यावरचा, हा युद्धाच्या आधीचा." मी एकेक बाटली उजेडात धरून बघितली, फरक कळेना. तिन्ही सारख्या. आणि तिन्ही आत वाळून दगड झालेल्या.

"किती आहेत हो डबे?"

"दोनशे चौदा."

"आणि जोडलेत?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. जोडलं एक तरी? नाव सोडा.

तरी मी विचारलं, शांतपणे विचारलं, की बाबा, का नाही जोडत? म्हणाले, "घाई करून चालत नाही. आधी रंगाची नक्की छटा सापडायला हवी." मग म्हणाले, रंग फवारायचं यंत्र घ्यायचंय. मग म्हणाले, यंत्र घेतलंय, पण वाफ बाहेर टाकणारी पेटी लागते. मग म्हणाले, निवृत्त झाल्यावर. निवृत्तीला नऊ वर्षं, तोवर हा माणूस आणखी शंभर डबे आणणार, आणि डोळे तेव्हा कुणाचे वापरणार? मी एक डबा उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. म्हटलं, "हे तिन्ही रणगाडे एकच आहेत."

"नाही, नाही. हा जुन्या साच्यातला. हा नव्या साच्यातला."

"आणि हा?"

"नव्याच साच्यातला. पण डब्यावरचं चित्र वेगळं आहे."

वहिनी दारातून म्हणाल्या, "माझ्या आईला सांगते, खुबा जुन्या साच्यातला होता म्हणून मोडला." आणि आत निघून गेल्या. चष्मेवाले हसले नाहीत. मला हसू आलं होतं, मी ते गिळलं.

आता माझा स्वभाव असा, समोर सुटे भाग पडलेले दिसले की हात शिवशिवतात. मला वाटलं, या माणसाला नुसती सुरुवात करून द्यायला हवी. एक जोडून दाखवला की गोडी लागेल, मग भराभर जोडेल, जोडलेले वाटून टाकेल, खोली मोकळी. तसं मी शुक्रवारी दुपारी चष्मेवाले कामावर असताना वहिनींना सांगितलं. वहिनींनी त्या तिनातला सगळ्यात मागचा रणगाडा ओढून काढला आणि म्हणाल्या, "घेऊन जा. तीन आहेत, कळायचंही नाही."

दुकानात आणला. सील टराटरा फाडलं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांवर मुंगीएवढाले भाग लटकलेले, आणि प्रत्येकाला नंबर. नंबर बघायचे असतात ज्याला काम येत नाही त्यानं. मी पक्कड घेतली, कटाकट तोडले, चप्पल चिकटवायचा डिंक घेतला आणि दीड तासात रणगाडा उभा केला. शटरचा हिरवा रंग उरला होता, तो फासला. शेवटी एकोणीस तुकडे उरले, पण दुरुस्तीच्या कामात उरतंच काहीतरी, त्याचं काय एवढं. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत या माणसाला जमलं नाही ते आपण दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये केलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. संध्याकाळी चष्मेवाले आले, मी रणगाडा घेऊन वर गेलो, टेबलावर ठेवला. त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. दवाखान्यात मृताची ओळख पटवायला नेतात ना, तसे वाकले. मग म्हणाले, "तोफेचं तोंड मागं आहे."

म्हटलं, "फिरवता येते."

"चिकटवलीये तुम्ही."

मी फिरवून बघितली. खरंच चिकटवली होती.

मग त्यांनी पालथा करून तळावरची साच्याची खूण बघितली, आणि म्हणाले, "हा कुठला डबा?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या तिनातलाच एक. एवढं काय त्यात?"

"तिन्ही एक नव्हते. हा तू दिलेला. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला."

आत नळ चालू होता, तो बंद झाला. वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांना आठवतच नव्हतं, मी तोंड बघितलं ना त्यांचं. मग चढ्या आवाजात म्हणाल्या, "मग तेवीस वर्षं जोडला का नाही तुम्ही?"

आणि तुम्हाला सांगतो, त्यावर तो माणूस काय म्हणाला. म्हणाला, "जोडलं की एक चूक होतेच. दिवसभर लोकांच्या काचा घासतो मी. केसाएवढी चूक झाली की माणसाला जिन्याची पायरी चुकीच्या जागी दिसते. घरात एवढं एक होतं, ज्यात माझी अजून काही चूक झाली नव्हती."

मला त्याची कीव आली आणि वीटही आला, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हींपेक्षा जास्त त्या हिरव्या रंगाची लाज वाटली. वहिनी मात्र कच्च्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. तुमचं बिनचूक राहू द्या. माझी आई जिन्यात झोपेल."

चष्मेवाले हळूच म्हणाले, "आईंना खोली द्यायचीच आहे. मी कधी नाही म्हटलं? फक्त हे भंगारात घालू नकोस."

"मग नेऊन ठेवणार कुठं? सांगा तरी." असं म्हणून वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. मला वाटलं, रणगाड्यामुळं. माणूस किती मूर्ख असू शकतो, बघा.

शनिवारी सकाळीच मला एका बाईंच्या कपडे धुण्याच्या यंत्रासाठी लांब जावं लागलं. निरोप आमच्या हिनंच दिला होता, "आधी तिथं जा, बिचाऱ्यांचं पाणी तुंबलंय." गेलो, तर पाणी तुंबलं नव्हतं, काही नव्हतं, बाई म्हणाल्या, आलाच आहात तर जरा साफ करून द्या. दुपारी परत येतो तर जिन्यात रांग. वर वहिनी, मध्ये चष्मेवाले, खाली आमची ही, आणि डबे या हातातून त्या हातात खाली उतरतायत, इस्त्रीवाली दाराशी उभी राहून "सावकाश, सावकाश" म्हणतेय. आणि उतरतायत कुठं? माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत.

म्हटलं, "अगं, इथं कुठं? इथं माझ्या मोटारी आहेत."

ही म्हणाली, "होत्या. सकाळी भंगारवाला घेऊन गेला."

तुम्हाला सांगतो, मी आत जाऊन बघितलं, एकही उरली नव्हती. चौदा वर्षांच्या मोटारी त्या. मिक्सरच्या, पंख्यांच्या, पाणी उपसायच्या, जळक्या, पण प्रत्येकीवर चिठ्ठी, काय बिघडलंय, कुठला भाग मिळाला की चालू होईल. शंभरावर होत्या. हळूहळू एकेक बसवणारच होतो मी, दुकानाचा पसारा जरा आवरला की. म्हटलं, "अगं, त्या लागतात."

"कधी लागल्या?"

"आता लागणार होत्या. तांब्याची तार मिळत नव्हती, म्हणून..."

आमच्या हिनं हातातला डबा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "चौदा वर्षांत एक तरी जोडली?"

इस्त्रीवाली बघतेय, वहिनी बघतायत. चष्मेवाल्यांनी तेवढं केलं, मान दुसरीकडे वळवली. त्या माणसाला कळलं, बाकी कुणाला नाही.

मग ही जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "मला टायफॉइड झाला तेव्हा या बाईनं तीन आठवड्यांची रजा माझ्या उशाशी घालवली. तिच्या आईला एक खोली मोकळी करून देता येत नाही मला?" म्हटलं, "पण मला सांगायचं तरी." ही म्हणाली, "बुधवारीच ठरलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर मोटारींच्या पुढं तुम्ही आडवे पडला असता."

"आणि इस्त्रीवालीला कसं माहीत?"

"तिच्याच भावाचा भंगाराचा हातगाडा आहे."

रविवारी म्हातारी आली. खोलीत पलंग, खिडकी उघडी, डब्यांमुळं खिडकी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हातारीनं चौकट धरून दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं टाकली, आणि वहिनी मागं हात पसरून उभ्या, अश्रू पुसायला हात मोकळे नाहीत. मी दारातून बघितलं. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर ती बातमी. सामान बाहेर निघालं, तेवढं खरं. नवरा काही बाहेर निघाला नाही, झोपायला, जेवायला आपल्या घरीच असतो. पण संध्याकाळी सहाला जो माझ्या मागच्या खोलीत येऊन बसतो, तो आठपर्यंत. एक डबा काढतो, चित्र बघतो, हलवून कानाशी धरतो, परत ठेवतो. चहा माझ्याकडचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, आता जागा आहे, टेबल आहे, पक्कड आहे, जोडा की." म्हणाले, "इथला उजेड जरा पिवळा आहे." मी दिवा बदलून दिला. आता म्हणतात, पांढरा जास्त आहे. जोडलं एक तरी? नाव सोडा.

परवा एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं. मागं डोकावलं, म्हणालं, "वा, दुकान वाढवलंत? हे विकायला आहेत का?" आणि हात लांब करून एक विमान उचलायला लागलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? म्हटलं, "अहो, हात नका लावू, सील आहे त्याला." गिऱ्हाइकानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गेली कित्येक वर्षं चष्मेवाल्यांकडे बघत होतो. मग हळूच मिक्सर काउंटरवरून उचलला आणि म्हणालं, "घाई नाही, उद्या येतो." अजून आलं नाही.