कार्डावरची धूळ

खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून तेव्हा फार साधं खोटं बोलले.

लग्नाला दोन महिने झाले होते. आमचे हे शहाद्यात लग्नांचे व्हिडिओ बनवतात. त्यासाठी नंदुरबारच्या एका दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. सासूबाईंनी ते आधी देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं जोडणीच्या सोनेरी दातांवर. कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स मी केलाय, पण सासरी ते कोणी विचारलं नव्हतं.

ह्यांनी कार्ड बसवलं आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकायला घेतला. कॉम्प्युटर म्हणे, कार्डच सापडत नाही. तीनदा ड्रायव्हर नव्याने उतरवून झाला. संध्याकाळी एका नवरीकडचे लोक व्हिडिओ न्यायला येणार होते.

"कार्डच खराब शे," हे म्हणाले, "परत करी येस." आणि दुकानात जायचं म्हणून शर्ट बदलायला आत गेले.

तेवढ्यात मी कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढलं, दात खोडरबराने पुसले आणि पुन्हा बसवलं. ड्रायव्हर पहिल्याच फटक्यात चालला.

"काय व्हतं?" ह्यांनी विचारलं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"थोडी धूळ होती," मी म्हणाले.

सासूबाई भडकल्या. "नवा कार्डवर धूळ? जुना माल दिन्हा त्यानी तुले. लाव त्याले फोन."

फोन स्पीकरवर लागला. सासूबाईंनी दुकानदाराला पाच मिनिटं झाडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं,

"मावशी, धूळ लाल व्हती का पिवळी?"