बिनतुपाची बिस्किटं

...आणि लवला तोही उजवाच! बाईमाणसाचा उजवा डोळा लवला की घरातनं काहीतरी जातं, हे मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतः पाहिलंय. सासूबाई गेल्या तेव्हा लवला, पाटल्या गेल्या तेव्हा लवला, आणि मागच्या दिवाळीत सुप्रीता ताटावरनं उठली तेव्हा तर सकाळपासनं लवत होता!

सुप्रीता म्हणजे माझी नात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला नोकरी. दूध नको, दही नको, लोणी नको, काय म्हणे, व्हीगन! मी हळूच भातावर थेंबभर तूप सोडलं. थेंबभर हो, तुम्हीच सांगा! तर पोरगी म्हणाली, "आजी, तू मला विचारलंसुद्धा नाहीस," आणि चामराजपेटच्या या घरात दहा महिने पाऊल नाही. आता परवा फोन, "रविवारी चारला येते, नुसता चहा घेईन, काळा." समजलात ना? आज तिनं तोंड फिरवलं की संपलं.

मग ठरवलं, तिला चालतील अशी बिस्किटं करायची. चहाची, मसाल्याची, वर साखरेचं आयसिंग! शाळा माझी चौथीपर्यंत. कन्नड शिकले पुड्यांच्या कागदांवरनं, ओव्हन शिकले मोबाइलवरनं. त्यातली बाई नाकात बोलते, "हाय फ्रेंड्स, बटरऐवजी कोकोनट ऑइल, इट्स सो ईझी!" ईझी म्हणे! चहापूड कुटली, सुंठ, वेलची, लवंग, मिरी कुटली, मैदा, साखर, खोबरेल... गोळा धरेचना! नारळाच्या दुधाचा हबका मारला तेव्हा कुठं धरला. ओव्हन लावला आणि वीज गेली. पावसाळी दुपार, घर काळंमिट्ट, भिंतीवर पाल चुकचुकली... आणि डोळा लवला!

वळून बघते तर दारात शेजारची गंगव्वा. आवाज असा, जणू आत्ताच कुणाला पोचवून आलीय. "ठकुअक्का, लोणी ब्याडा, हालु ब्याडा, दूधसुद्धा नको... बिनतुपाचं सुतकात शिजवतात गं." म्हटलं, घरी जा तू. "सरी, सरी," बरं बरं म्हणत तिथंच फतकल मारून बसली. बघायला!

वीज आली. तेरा बिस्किटं निघाली. बारा खमंग, आणि कोपऱ्यातलं एक, कोळसा! ते मी पटकन वाटीखाली झाकलं, गंगव्वाला दिसायला नको. बाकीच्यांवर पिठीसाखर, नारळाचं दूध आणि लिंबू घोटून आयसिंग ओतलं. ताटात बारा पांढरीशुभ्र बिस्किटं मांडली. गंगव्वा पुटपुटली, "पांढरं पांढरं... कसं वाटतंय बघायला."

आता हा हात बघा. साठ वर्षं पानं वाढणारा हात! आमच्यात वाढलेल्या पानावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही. ताट भरलं की हा हात तुपाच्या लोटीकडे जातो, मला विचारतसुद्धा नाही. बेल वाजली, मी "आले गं" म्हटलं, आणि खाली पाहते तर... बाराही बिस्किटांवर तूप! एकेक थेंब, चकचकत, माझ्याकडे बघत!

सुप्रीता आत आली. ताट पाहिलं. "आजी! माझ्यासाठी केलीस?" पोरीचे डोळे भरले हो! हात पुढे आला, बिस्कीट उचललं, तोंडाशी नेलं. गंगव्वानं सगळं पाहिलेलं, पण श्वास धरून गप्प. मीही गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं?

मनगट धरलं मी तिचं. "ठेव खाली. तूप पडलंय. मी नाही, हातानं केलं."

डोळा लवत होता, मी तसाच लवू दिला. मग वाटी उचलली आणि तो कोळसा पुढे केला, गंगव्वासमोर! "एवढं एकच शुद्ध आहे."

तिनं अख्खं खाल्लं. कडाकडा. "आजी, जळलंय."

"दिसतंय मला."

"छान झालंय." खोटारडी! मग हसली. "दर रविवारी जेवायला येईन. पण तुझ्या हाताचा भरवसा नाही." आणि तुपाची लोटी झाकणासकट उचलून बॅगेत! व्हीगन पोरगी, अन् बॅगेत अर्धा किलो तूप!

संध्याकाळी गंगव्वा विचारते, "अक्का, डोळा लवतो का अजून?" कशाला लवेल? जायचं ते गेलं की व्हाइटफील्डला! आता घरात उरलेलं सगळं तूप त्या बारा बिस्किटांवर आहे... रोज एकच खाते, पुरवून पुरवून.