निळा गालिचा

अमेरिकेतल्या ओक्लाहोमातलं आमचं बाप्टिस्ट चर्च. रविवारच्या जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे वर्ना आणि नडीन.

"देशाला एकच खमका माणूस हवा, नडीन. देवानंच पाठवलाय तो."

"मग निवडणुका गं, वर्ना?"

"कशाला? देवानं निवडलेल्यानं पुन्हा मतं मागायची? त्यानं ठरवावं, आपण मुकाट ऐकावं."

"बरं झालं बाई. पास्टरांनी प्रार्थनेच्या हॉलला निळा गालिचा ठरवलाय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. देवानं सुचवलं म्हणाले."

"वा रे वा! मतदान न घेता? चाळीस वर्षं इथं झाडूसुद्धा हात वर करून, मतं मोजून घेतलाय आम्ही! एकट्याच्या मर्जीवर चालायला हा काय देश आहे? चर्च आहे हे!"