ठेच्याची डबी

ठेचा पुढं केलात म्हणून सांगतो. पंधरा-सोळा साली आम्ही दोघं सिंगापुरात मुलाकडं होतो, क्वीन्सटाउनला. फ्लॅटखालीच एका चिनी म्हातारीचं शाकाहारी हॉटेल. दुपारचं जेवण तिथंच. नूडल्स बऱ्या, पण मिळमिळीत. एकदा बायकोनं पिशवीतून ठेच्याची डबी काढली. म्हातारी तरातरा आली आणि पाटी दाखवून तिकडच्या ढबीत म्हणाली, "अंकल, नो आउटसाइड फूड लाह."

मी म्हटलं, "आधी खाऊन बघ, मग बोल." मराठीतच. दुसरं येतंय कुठं?

तिनं चमचाभर खाल्ला, डोळे पुसले आणि डबी घेऊन आत गेली.

"गेली डबी. जेवणही गेलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबी आणून ठेवली, स्वतःच्या लाल चटणीनं भरून. बायको म्हणाली, "रिकामं भांडं परत करू नये, हे हिलाही कळतं."

मग दोन वर्षं डबी अशीच भरून फिरली. कायमचं गावी निघालो, तेव्हा विमानतळावर मला आठवलं. "अगं, डबी तिच्याकडंच राहिली."

"मुद्दाम ठेवली मी," बायको म्हणाली. "परत यायला निमित्त नको?"

परत जाणं काही झालं नाही. आणि तुमचा हा ठेचा अगदीच बेचव आहे.