दुसऱ्या कडव्यानंतरची उडी

नवरा: थांब, थांब. मागे घे जरा.

बायको: किती मागे?

नवरा: दुसरं कडवं संपतं तिथे. गाणारी बाई श्वास घेते बघ, तिथे.

बायको: घेतलं. ऐक.

नवरा: परत.

बायको: तिसऱ्यांदा ऐकतोयस. आवडलं म्हण ना एकदाचं! काल या एका गाण्यासाठी दोन तास मान मोडून बसले होते. आता ऐक कसं लख्ख वाजतंय. सिंथेसायझरचा प्रत्येक सूर वेगळा कळतो.

नवरा: इथली उडी कुठे गेली?

बायको: कसली उडी?

नवरा: इथे सुई उडायची. बाई श्वास घ्यायची आणि एकदम पुढच्या ओळीच्या मधूनच गायला लागायची. आता आख्खी ओळ गातेय.

बायको: हां, ती. दुरुस्त केली.

नवरा: जी ओळ रेकॉर्डवर वाजतच नाही, ती तू आणलीस कुठून?

बायको: पहिल्या कडव्यानंतर तीच ओळ आहे. तिथून उचलली, इथे चिकटवली. ठेका यंत्राचा आहे, म्हणून जमलं. माणूस ढोल बडवत असता तर कुठेतरी मागेपुढे झालाच असता. कॉम्प्युटरवर सगळं रेघांमध्ये दिसतं, त्यात तेवढाच एक खड्डा. आता दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासणारी बाई मी, खड्डा दिसला की माझे हात शिवशिवतात.

नवरा: मी खरखर काढ म्हणालो होतो. फक्त खरखर.

बायको: उडी म्हणजे मोठी खरखरच की.

नवरा: बरं, मूळ फाइल उघड.

बायको: ती नाहीये.

नवरा: नाहीये म्हणजे?

बायको: साफ केलेली ठेवायची आणि मूळ पुसायची, जागा पुरत नाही. हे कुणाचं वाक्य? मान वर कर. भिंतीवर तुझ्याच अक्षरात चिकटवलंय.

नवरा: असू दे. रेकॉर्ड आहे ना. परत लावू, परत भरून घेऊ. साडेतीन मिनिटांचं काम. तो हिरव्या शाईवाल्या रेकॉर्डींचा खोका दे.

बायको: तुला चहा टाकू का?

नवरा: चहा नको. खोका दे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता.

बायको: तिथे नाहीये.

नवरा: मग कुठे आहे?

बायको: जिचा होता तिच्याकडे. परवा कुरिअरवाल्याला दिला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावलाय, उगाच एखादी तडकली तर म्हणायची, बायकोने मुद्दाम केलं.

नवरा: अगं, मी येत्या रविवारी स्वतः नेऊन देणार होतो.

बायको: माहितेय. निळा शर्ट इस्त्रीला टाकलास तेव्हाच समजलं.

नवरा: तो शर्ट त्या रुग्णालयातल्या नव्या लिफ्टच्या तपासणीसाठी टाकला होता.

बायको: लिफ्टच्या तपासणीला तू आजवर ग्रीसचा डाग नसलेला शर्ट घालून गेलायस का? एकदा तरी?

नवरा: तुला आवडलं नव्हतं तर सरळ बोलायचं.

बायको: काय बोलायचं? “अहो, त्या पोहणं शिकवणाऱ्या बाईंचा इतक्या वर्षांनी फोन आला, माझ्या रेकॉर्डी तुमच्याकडे राहिल्यात म्हणाल्या, तर तुमचा चेहरा एवढा का उजळला?” असं विचारायचं?

नवरा: तू अहो म्हणायला लागलीस की मला भीती वाटते.

बायको: वाटू दे. तुझ्या स्वतःच्या एकशे चाळीस रेकॉर्डी, त्या तू शर्टाच्या बाहीने पुसतोस. तिच्या अठ्ठावीसना मऊ ब्रश, उकळून गार केलेलं पाणी, वर सुती फडकं. तान्हं बाळ न्हाऊ घालावं तसं चाललं होतं! मी इथे माउस धरून बसलेली, आणि हा प्रत्येक रेकॉर्डवरचं ते हिरव्या शाईतलं अक्षर ओलं होऊ नये म्हणून अंगठा धरून उभा.

नवरा: दुसऱ्याची वस्तू परत करायची म्हणजे जपायला नको?

बायको: जपलीसच की. एकोणीस वर्षं संसार केला आपण. दोन घरं बदलली. माझं शिवणयंत्र पहिल्या घरीच राहिलं, तिचा खोका मात्र दोन्ही वेळा तुझ्या मांडीवर बसून आला.

नवरा: शिवणयंत्र मांडीवर मावत नव्हतं.

बायको: विनोद करू नकोस. माझं डोकं आधीच तापलंय.

नवरा: मग नाही करत. पण मला एक सांग. एवढ्या रेकॉर्डींवरची गाणी तू साफ केलीस. माझ्या रेकॉर्डींमध्येही कुठे कुठे उड्या आहेत. त्या तशाच ठेवल्यास. मी ऐकलीत सगळी. नेमकी हीच का काढलीस? या उडीने तुझं काय घोडं मारलं होतं?

बायको: गाणं मला आवडतं. सुरुवातीला लिफ्ट थांबल्यासारखं ते टुंग वाजतं, ते तर मला फार आवडतं. फक्त ती उडी नको होती.

नवरा: तेच विचारतोय. का?

बायको: ती आली की तू हसतोस.

नवरा: मी?

बायको: तू. ओठाचा डावा कोपरा. बूट घालत असलास तरी, माझ्याशी भांडत असलास तरी. गाणं तिथवर आलं की तुझा हात थांबतो, उडी येते, तुझा तो कोपरा हलतो, आणि मग तू परत माणसांत येतोस. लग्न झाल्यापासून बघतेय. कधी विचारलं नाही, मूग गिळून बसले. पण मला सगळं दिसायचं. तुझी ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, तुम्ही दोघं नाचताय, तिचा पाय लागला, सुई उडाली, तुम्ही पोट धरून हसलात. मी तिथे नव्हते, तरी तिच्या पायातल्या चपलांचा रंगसुद्धा मला ठाऊक आहे!

नवरा: कुठला?

बायको: पिवळा. आणि तू हसतोयस आत्ता.

नवरा: नाही हसत. म्हणून तू पुसलीस?

बायको: म्हणून पुसली. जळत होते मी. झालं समाधान? इतकी वर्षं जळत होते. काल ती ओळ तिथे चपखल बसली ना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली. तुझ्या एवढ्या रेकॉर्डी आहेत, तिचं अक्षर, तुझ्या मित्रांचे चहाचे डाग, कुणाकुणाची नावं. त्यांच्यावर माझा म्हणून एक ओरखडासुद्धा नाही.

नवरा: आहे.

बायको: काय आहे?

नवरा: ओरखडा. म्हणजे, होता. तुला घरमालकांची कवळी आठवते?

बायको: आता कवळी कुठून आली मध्येच?

नवरा: आठवते का सांग.

बायको: न आठवायला काय झालं? लॅबमध्ये नवीनच लागले होते. दुसऱ्या मजल्यावर नेऊन द्यायची होती, मी तिसऱ्यावरची बेल वाजवली. तू दार उघडलंस, कोपरापर्यंत हात काळे. मी म्हटलं, तुमची कवळी. तर तू आधी मला दात मोजून दाखवलेस.

नवरा: बत्तीस होते तेव्हा. मग ती डबी तू कुठे ठेवलीस?

बायको: दाराशेजारच्या फळीवर. पाणी मागितलं होतं, म्हणून हात मोकळा केला. ती फळी एका बाजूने सुटलेली! लोकांच्या लिफ्टी दुरुस्त करत हिंडतोस आणि स्वतःच्या घरची फळी अशी. डबी ठेवली, फळी कलंडली, खाली तुझा रेकॉर्ड प्लेअर, खर्रकन आवाज झाला. मला वाटलं, नोकरी गेली आज.

नवरा: कवळी वाचली.

बायको: कवळी वाचली, पण मी दहा वेळा विचारलं तुला, रेकॉर्ड खराब झाली का म्हणून. तू म्हणालास काही झालं नाही. शपथेवर म्हणालास.

नवरा: हो.

बायको: नव्हतंच ना काही झालं?

नवरा: त्या दिवशी दार उघडल्यावर तू पहिल्यांदा काय विचारलंस? कवळीच्याही आधी.

बायको: आधी कुठे काय विचारलं? तीन मजले चढून धाप लागली होती. खाली पाटी होती, लिफ्ट बंद आहे. आणि तू दार उघडलंस तर आतून आवाज आला. मी म्हटलं, अहो, लिफ्ट चालू आहे की...

नवरा: हं.

बायको: टुंग वाजलं होतं.

नवरा: हो.

बायको: तेच गाणं होतं?

नवरा: नुकतंच लावलं होतं. तू पाणी मागेपर्यंत दुसरं कडवं आलं.

बायको: आणि ती?

नवरा: ती जाऊन वर्ष झालं होतं. भांडून वगैरे नाही, कंटाळून गेली. रेकॉर्डी नंतर नेते म्हणाली. तिच्या वेळेला त्या गाण्यात उडी नव्हती. एकदम धड होती रेकॉर्ड.

बायको: मग तू मला सांगितलं का नाहीस रे? एकोणीस वर्षं! मेल्या, एकदा तरी तोंड उघडायचंस!

नवरा: सांगितलं असतं तर तू गावभर हिंडून दुसरी शोधून आणली असतीस. धड, खड्डा नसलेली. तुझे हात शिवशिवतात.

बायको: आणि तू तर ती परत देणार होतास तिला. निळा शर्ट घालून!

नवरा: रेकॉर्ड तिची आहे. मागितल्यावर द्यायला नको? म्हणून तर हे कॉम्प्युटरमध्ये भरायचं खूळ काढलं. खरं म्हणजे मला ही एकच भरून ठेवायची होती. पण एकच भरतो म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, हीच का.

बायको: म्हणून एकशे अडुसष्ट रेकॉर्डी घासायला लावल्यास?

नवरा: तुला कामात मजा येत होती. मला वाटलं, या गाण्यापाशी आलीस की आपोआप ओळखशील.

बायको: कशी ओळखणार होते? माझ्या डोक्यात पिवळ्या चपला होत्या ना.

नवरा: जाऊ दे आता. चांगली चिकटवलीयस ओळ. सांधा कळत नाही.

बायको: टोमणे मारू नकोस.

नवरा: टोमणा नाही. खरंच कळत नाही. तेच तर झालंय.

बायको: फोन दे इकडे.

नवरा: मी बोलतो तिच्याशी.

बायको: तू अजिबात नाही. नंबर लाव आणि फोन माझ्या हातात दे.

(फोन स्पीकरवर. पलीकडून पोहण्याच्या बंदिस्त तलावावरचा घुमणारा गलका.)

पोहणारी: हॅलो! मोठ्याने बोला, इथे आवाज घुमतो!

बायको: नमस्कार. मी बोलतेय, रेकॉर्डींचा खोका पाठवला होता ना, त्या घरातून.

पोहणारी: हां, लिफ्टवाल्याकडून! मिसेस ना तुम्ही? काय सुरेख बांधलं होतंत हो! सोडवायला अर्धा तास लागला मला. एक मिनिट. काका, डोकं पाण्यात! पाण्यात म्हणजे आत! घाबरू नका, मी आहे. हं, बोला.

बायको: पोचलं ते बरं झालं. सगळ्या नीट आहेत ना?

पोहणारी: एकदम. त्याला थँक्यू सांगा. अजून तो गाणं लागलं की गुडघ्यावर ठेका धरतो का? चुकीचा?

बायको: नाही. आता नाही धरत.

नवरा: धरतो की.

बायको: तू गप्प बस. तुम्हाला नाही म्हटलं हो. म्हणजे सगळ्या छान वाजतात?

पोहणारी: एक सोडून. ती टुंगवाली. आज सकाळी एवढ्या हौसेने पहिली तीच लावली. पहिलं कडवं छान, दुसरं छान, आणि मग सुईने उडीच मारली. मला वाटलं रेकॉर्ड बदलली की काय, माझी धड होती. पण वरचं अक्षर माझंच. म्हटलं, ठीक आहे, एवढ्या वर्षांत एखादी जायचीच.

बायको: कुठे आहे ती?

पोहणारी: इथेच माझ्या पिशवीत. आमच्या संध्याकाळच्या बॅचला एक बाई येतात, त्या खराब रेकॉर्डी गरम करून त्यांच्या वाट्या करतात. कुंडीखाली ठेवायला छान दिसतात. त्यांना देणारेय.

बायको: नका देऊ.

पोहणारी: काय? घुमतंय हो!

बायको: वाटी नका करू तिची! मी येते. आत्ता निघते, अर्ध्या तासात पोचते. तुमची आहे, मला माहितेय. पण ती मला द्या.

पोहणारी: अहो, घेऊन जा की, त्यात काय! पण तिच्यात उडी आहे. कुणी एवढी खराब केली, कोण जाणे.

बायको: मी केली.

पोहणारी: तुम्ही? कधी?

बायको: तुम्ही गेल्यानंतर. मी आले, त्या दिवशी.