तेम्बेलीच्या मुलाने मला चिखलात ढकलल्याबाबत

नाव लासिने नियन्ताओ, वय अंदाजे त्रेसष्ट, धंदा गवंडीकाम, राहणार योबुकाईना मोहल्ला, जेने.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी बोझो, म्हणजे नदीवरच्या मासेमार जमातीतला असून मोठ्या मशिदीच्या मातीच्या भिंती दरवर्षी लिंपणाऱ्या गवंड्यांपैकी आहे. तक्रार मी दिलेली नाही. भुवईला चार टाके घालावे लागले म्हणून दवाखान्याने ठाण्याला कळवले.

काल सकाळी नऊच्या सुमारास मी मशिदीजवळच्या खड्ड्यात लिंपणाचा चिखल बघत होतो. चिखल वीस दिवस मुरलेला असून त्याला वास येतो. एक तरुण मशीद बघायला आला. भिंतीतून बाहेर आलेली लाकडे तो मोजत होता. नाव विचारता नूहूम तेम्बेली, राहणार मार्सेय, असे म्हणाला. म्हणजे हमिदूचा मुलगा. हमिदू दोगोन, डोंगरात कांदे पिकवणाऱ्या जमातीतला. देश सोडेपर्यंत अकरा वर्षे माझ्या हाताखाली टोपल्या द्यायचा.

बोझोला दोगोन भेटला की एकमेकांना शिव्या द्यायच्या, राग धरायचा नाही आणि रक्त कधीच काढायचे नाही, असा आमच्या वाडवडिलांचा करार आहे. साहेबांना हे ठाऊक आहे, पण लिहून पाहिजे म्हणाले.

मी म्हणालो, "काय रे कांदेखाऊ, बाप कुठं दडून बसलाय?"

तो म्हणाला, "बाबा फेब्रुवारीत वारले."

अशा वेळी गप्प बसणे म्हणजे मेलेल्याला परका करणे. म्हणून मी म्हणालो, "बरं झालं. एक आळशी कमी झाला."

त्याने मला ढकलले. पडताना शिडी लागली. चूक माझी. बापाने पोराला सगळे शिकवले असेल असे मी धरून चाललो. तिकडे मार्सेयला बोझोच नसेल, तर तो तरी कसा शिकवणार?

बापाच्या नावाने एक टोपली चिखल भिंतीला लावायला तो आला होता, हे मला ठाण्यात कळले. लिंपण उद्या आहे. एका सकाळीत उरकते.

आज गजाआडून त्याने विचारले, "काका, बाबा तुम्हाला काय म्हणायचे?"

मी सांगितले, "मासेखाऊ, तुझी भिंत पावसाआधी बसणार."

त्याने मला तसे म्हणून दाखवले. नीट जमले नाही. मला रडू आले. हे लिहू नका म्हणालो होतो.

माझी तक्रार नाही. हमिदूला शिव्या देणारे गावात माझ्याशिवाय कोणी उरलेले नाही, तरी उद्याच्या लिंपणासाठी मुलगा माझ्या ताब्यात द्यावा.

मजकूर माझ्या भाषेत वाचून दाखवला, सांगितला तसाच आहे, रडण्याचे खोडलेले नाही. अंगठा दिला. मुलगा ताब्यात मिळाला.